अस्मानी किती, सुलतानी किती?



फर्दापूरच्या वाटेने अजिंठ्याच्या लेण्यांस शाळांच्या सहली नेहमी येतात. मुले पहिल्या लेण्यातील पद्मपाणी पाहतात, सतराव्या लेण्यातील चित्रकथा पाहतात आणि सव्विसाव्या लेण्यातील महापरिनिर्वाणाची भव्य मूर्ती पाहून परत फिरतात. चौथ्या लेण्याच्या दाराशी मात्र फारसे कोणी रेंगाळत नाही. अजिंठ्यातील हा सर्वांत मोठा विहार. तो अपुराच राहिला. त्याच्या दर्शनी भिंतीवर अवलोकितेश्वराची मूर्ती असून तिच्या दोहों बाजूंस संकटात सापडलेल्या माणसांची लहान लहान शिल्पे कोरलेली आहेत. बौद्ध परंपरेत ह्या संकटांना अष्टमहाभये असे नाव आहे. आग, पाणी, हत्ती, सिंह, सर्प आणि पिशाच ही त्यांतील सहा. उरलेली दोन म्हणजे चोर आणि बेडी. पंधराशे वर्षांपूर्वीच्या कारागिराने निसर्गापासूनचे भय आणि माणसापासूनचे भय एकाच चौकटीत बसविले, ही गोष्ट सहलीबरोबर येणाऱ्या शिक्षकाने दोन मिनिटे थांबून मुलांस दाखविण्यासारखी आहे.

मराठी भाषेनेही ही दोन भये एका जोडशब्दात बांधून ठेवली आहेत. तो शब्द म्हणजे अस्मानी-सुलतानी. आभाळातून आले ते अस्मानी: अवर्षण, गारपीट, टोळधाड. माणसाकडून, विशेषतः राज्यकर्त्याकडून आले ते सुलतानी: लूट, जुलमी वसुली, फौजांची ये-जा. शब्द दोन, परंतु उच्चार एका श्वासात होतो. ह्याचे कारण असे की, पाऊस न पडल्याने पीक बुडाले आणि सारा मात्र सुटला नाही, तर घर नेमके कशाने बसले हे सांगणे शेतकऱ्याला कधीच सोपे नव्हते. आज सुलतान नाहीत. तथापि भूकंप, पूर, वीज वा दुष्काळ आला म्हणजे झालेल्या हानीत आभाळाचा वाटा किती आणि माणसाच्या व्यवस्थेचा किती, हा हिशेब अजूनही मांडावा लागतो. सर्वसाधारणपणे तो मांडला जात नाही. 'दैवी आपत्ती' असा शब्द एकदा कागदावर उमटला की पुढील विचार थांबतो.

हा हिशेब कसा मांडावा ह्याचा मराठवाड्यातील सर्वांत कठोर धडा किल्लारीचा आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारला चार मिनिटे कमी असताना लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांच्या सीमेवरील गावे हादरली. आदल्या रात्री गणपतीचे विसर्जन होऊन दमलेली माणसे गाढ झोपेत होती. भूकंप ६.२ च्या आसपास तीव्रतेचा होता. म्हणजे मोठा खरा, पण जगाच्या मानाने असामान्य नव्हे. तरीही आठ ते दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. त्यापूर्वी ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनानगरला झालेला भूकंप ह्याहून काहीसा अधिक तीव्र होता, आणि तोही पहाटेच झाला. तेथे मृतांची संख्या दोनशेच्या आत राहिली. कोयनेच्या डोंगरी मुलखातील वस्ती विरळ होती हे त्याचे एक कारण. परंतु किल्लारीच्या संहाराचे मुख्य कारण जमिनीखाली शोधण्याऐवजी जमिनीवर, घरांच्या भिंतींत शोधावे लागते.

ह्या भागात लाकूड दुर्मिळ आणि दगड मुबलक. घर बांधावयाचे तर दोन-तीन फूट जाडीची दगडी भिंत, सांध्यांत चिखल, आणि वर माळवद. माळवद गळू नये म्हणून पावसाळ्यापूर्वी त्यावर आणखी माती टाकावयाची हा रिवाज. वर्षानुवर्षे असे केल्याने छतावरील मातीचा थर जाड होत गेला आणि झोपलेल्या माणसाच्या डोक्यावरील भार वाढत गेला. भिंत बाहेरून घडीव दगडांची, देखणी. आत मात्र दगडगोटे भरलेले. आतील व बाहेरील थर एकमेकांस सांधणारे आरपार दगड बहुधा घातलेलेच नसत. धक्का बसताच दोन्ही थर सुटले, भिंत ढासळली आणि माती खाली आली. अनेक ठिकाणी लाकडी खांब व तुळया उभ्या राहिल्या आणि माणसे मात्र मधल्या ढिगाऱ्याखाली गुदमरली.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावयास हवी, कारण ती नेहमीच्या समजुतीच्या उलट आहे. गवताच्या किंवा पत्र्याच्या हलक्या छपराखाली राहणारे गरीब लोक त्या पहाटे तुलनेने वाचले. जाड भिंतींच्या वाड्यांत राहणारे खातेपिते लोक अधिक मेले. म्हणजे आपत्ती गरिबालाच मारते, असे सूत्र पाठ करून भागत नाही. कोणत्या संकटात कोण उघडा पडतो, हे त्या त्या संकटाच्या स्वरूपावर आणि त्या गावच्या रीतिरिवाजावर अवलंबून असते. वाडा बांधणाऱ्याजवळ पैसा होता. आरपार दगड घालण्यास काही जादा पैसा लागला नसता. उणीव होती ती माहितीची. तीही त्या एकट्या घरमालकाची नव्हे. देशाच्या भूकंपविषयक मानक नकाशात त्या काळी हा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या, पहिल्या विभागात दाखविलेला होता. २००२ साली नकाशा सुधारला तेव्हा तो पहिला विभागच रद्द झाला आणि किल्लारीचा परिसर तिसऱ्या विभागात गेला.

परंतु हिशेब येथे संपत नाही. भूकंपानंतर पुनर्वसन झाले. अनेक गावे नव्या जागी वसविली गेली. जागतिक बँकेच्या साहाय्याने चाललेल्या त्या योजनेत घरांचे तीन वर्ग ठरले. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्या कुटुंबास २५० चौरस फुटांचे घर, एक ते सात हेक्टरवाल्यास ४०० चौरस फुटांचे आणि सात हेक्टरांवर जमीन असणाऱ्यास ७५० चौरस फुटांचे. ह्या निकषाच्या समर्थनार्थ सांगण्यासारखे काही नाही असे नव्हे. शेतकऱ्याला बैल, औते, धान्य ह्यांसाठी जागा लागते. तरीही जमीन हलली असताना जी उतरंड क्षणभर उलटी झाली होती, ती पुनर्वसनाच्या कागदावर पुन्हा सुलटी झाली. भूकंप अस्मानी म्हणावा. घराचे माप अस्मानी नव्हते.

हा विचार नवा आहे असेही नाही. १७५५ साली पोर्तुगालमधील लिस्बन शहर भूकंपाने उद्ध्वस्त झाले तेव्हा युरोपातील पंडित ईश्वराच्या न्यायाविषयी वाद घालीत बसले. रूसोने पुढील वर्षी व्हॉल्तेअरला लिहिलेल्या पत्रात वेगळाच मुद्दा काढला: सहा-सात मजल्यांची हजारो घरे एके ठिकाणी निसर्गाने नव्हे, माणसांनी बांधली होती. अलीकडची साक्ष हवी असेल तर २०१० सालची आहे. त्या जानेवारीत हैती ह्या देशात ७.० तीव्रतेचा भूकंप झाला आणि लाखाच्या घरात माणसे मेली; फेब्रुवारीत चिलीमध्ये ८.८ तीव्रतेचा, म्हणजे शेकडो पटींनी अधिक शक्तीचा भूकंप झाला आणि मृतांची संख्या काही शेकड्यांवर थांबली. चिलीत बांधकामाचे नियम होते आणि ते पाळले जात होते. हैतीत दारिद्र्य होते आणि नियम करणारी व्यवस्थाच दुबळी होती.

भूकंप क्षणाचा असतो. दुष्काळ महिनोन्महिने चालतो, आणि म्हणून त्यात माणसाच्या व्यवस्थेचा वाटा अधिक स्पष्ट दिसतो. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात दख्खनमध्ये धान्य विकत घेण्याची ऐपत नसलेली माणसे मेली. सरकारी कामावरील मजुरास दिवसाला एक पौंड धान्य पुरे, असे ठरविणारे अधिकारी त्या काळी होते. सावित्रीबाई फुले ह्यांनी १८७७ साली ओतूरहून जोतीरावांना लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. एका शिक्षिकेने दुष्काळात फिरून केलेली ती पाहणी शिक्षकांच्या वाचनात असावी. पुढे १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाचा अभ्यास करून अमर्त्य सेन ह्यांनी १९८१ साली असे दाखवून दिले की, तेथे धान्याचा साठा १९४१ सालापेक्षा कमी नव्हता. परंतु शेतमजूर, मच्छीमार, कारागीर ह्यांच्या हातातील मजुरी वाढत्या भावांपुढे मातीमोल झाली. बाजारात धान्य असणे ही एक गोष्ट आणि ते घरात येणे ही दुसरी.

महाराष्ट्रात १९७० नंतर लागोपाठ तीन वर्षे पाऊस हुकला आणि १९७२-७३ मध्ये पिकांनी पार दगा दिला. मराठवाड्यातील वृद्ध आजही आपल्या आयुष्याची कालगणना 'बहात्तरच्या आधी' आणि 'बहात्तरच्या नंतर' अशी करतात. लाल मिलो, सुकडी, खडी फोडून हातांना आलेले घट्टे ह्या आठवणी घरोघर आहेत. तथापि १८७७ प्रमाणे उपासमारीने माणसांचे सडे पडले नाहीत. मे १९७३ मध्ये सुमारे पन्नास लाख मजूर सरकारी कामांवर होते. त्यांत स्त्रियांची संख्या फार मोठी होती. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते ह्यांवर मिळालेल्या मजुरीने धान्य विकत घेता आले, म्हणून धान्य गावाकडे येत राहिले. वि. स. पागे ह्यांच्या पुढाकाराने पुढे आलेल्या रोजगार हमीच्या कल्पनेला ह्या अनुभवाने बळ दिले. १९७७ साली महाराष्ट्राने तसा कायदा केला, तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला, आणि २००५ साली केंद्र सरकारने देशभरासाठी रोजगार हमीचा कायदा केला. आभाळ तेच होते. शंभर वर्षांत जमिनीवरची व्यवस्था बदलली होती.

मात्र त्या व्यवस्थेने माणूस वाचविला तरी त्याची ऐपत वाचविली असे म्हणता येत नाही. जनावरे मेली किंवा मिळेल त्या भावाने बाजारात गेली. ज्याची बैलजोडी गेली, त्याचे पुढच्या मृगात पेरणीवाचून अडले. दुसऱ्याची जोडी मोकळी होईपर्यंत तो थांबला, वाफसा निघून गेला, उत्पन्न निम्म्यावर आले आणि सावकाराचे देणे वाढले. त्याच गावात ज्याच्या विहिरीला पाणी टिकले, त्याने पडत्या भावात जनावरे आणि प्रसंगी जमीनही घेतली. पाऊस दोघांवर सारखाच रुसला होता. एका दुष्काळातून दोघे दोन दिशांना बाहेर पडले, आणि पुढचा दुष्काळ आला तेव्हा त्यांपैकी एकजण आधीपेक्षा अधिक उघडा होता.

अलीकडील अवर्षणांचा पिंड वेगळा आहे. २०१२-१३ आणि २०१५-१६ साली धान्य दुकानात होते, पाणी नव्हते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. बहात्तर साली विहिरीत पाणी होते पण दाणा नव्हता, आता दाणा आहे पण पाणी नाही, असे वृद्ध म्हणतात ते ह्यामुळेच. काळ्या खडकाच्या ह्या प्रदेशात भूगर्भातील पाणी भेगांपुरतेच साठते. ज्याची ऐपत आहे तो दोनशे फुटांखाली पाणी न लागल्यास चारशे फूट बोअर घेतो, आणि शेजारच्या उथळ विहिरी आटल्या तर तो दोष पावसाच्या नावे मांडला जातो.

आता हीच मोजपट्टी अजिंठ्याच्या पायथ्याशी लावून पाहावी. सोयगाव तालुक्यातील फर्दापूर घाटाखाली आहे. जिल्ह्याचे बरेचसे पाणी दक्षिणेस गोदावरीकडे जाते. येथील वाघूर मात्र लेण्यांच्या दरीतील कुंडांवरून कोसळून उत्तरेस तापीकडे जाते. डोंगरावर तासभर मुसळधार झाली की खालचे ओढे-नाले पाहता पाहता फुगतात. अशा वेळी गावात पाऊस पडत असतोच असे नाही. घाटाखालच्या कोणत्याही गावात उंच गावठाणावरील जुनी घरे आणि नाल्याच्या काठची नवी घरे ह्यांत फरक असतो. नाल्याच्या काठी कोणी हौसेने राहावयास जात नाही. गावठाणात जागा नाही, जागा विकत घेण्यास पैसा नाही, किंवा पिढ्यान्‌पिढ्या गावकुसाबाहेरच ठेवले गेले, म्हणून ती माणसे तेथे आहेत. पाणी घरात शिरले म्हणजे 'तेथे घरे बांधलीच कशाला?' असा प्रश्न विचारला जातो. दुसरी जागा कोणती होती, हे त्याबरोबर कोणी विचारीत नाही.

फर्दापूरच्या लोकांना शेतीखेरीज लेण्यांचाही आधार आहे. मार्गदर्शक, उपाहारगृहातील कामगार, दगड व मण्यांच्या माळा विकणारे, वृद्ध प्रवाशांस डोलीतून वर नेणारे अशी कितीतरी कुटुंबे प्रवाशांवर अवलंबून असतात. मार्च २०२० मध्ये साथीमुळे लेणी बंद झाली आणि अनेक महिने बंदच राहिली. त्या काळात ज्याच्या घरी दोन एकर का होईना शेत होते आणि ज्याच्या घरी काहीच नव्हते, त्यांच्या चुली सारख्या पेटल्या नसणार. एकाच धंद्यावर उभे असलेले घर हे एकाच खांबावरील माळवदासारखे असते.

विजेचे उदाहरण तर रोजच्या पाहण्यातील आहे. मे-जूनमध्ये आणि परतीच्या पावसात दुपारनंतर विजा कडाडतात. महाराष्ट्रात त्यांनी मरणाऱ्यांत शेतात काम करणारी आणि गुरे राखणारी माणसे फार असतात. वीज माणूस ओळखून पडत नाही. परंतु त्या वेळी उघड्यावर कोण आहे हे रोजंदारी ठरविते. कापूस वेचणारी किंवा निंदणी करणारी बाई ढग पाहून घरी निघाली, तर तिची अर्ध्या दिवसाची मजुरी बुडते. म्हणून ती झाडाखाली थांबते, आणि झाडाखाली थांबणेच घातक असते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विजेची पूर्वसूचना देणारे 'दामिनी' हे मोबाइल ॲप तयार केले आहे. ते उपयुक्तच आहे. पण सूचना येते मोबाइलवर, मोबाइल असतो घरातील कर्त्या पुरुषाच्या खिशात, आणि शेतात वाकलेली असते ती बाई. विज्ञान आभाळापासून गावापर्यंत येऊन पोहोचले. शेवटचे दोन फर्लांग राहिले.

आपत्तीनंतरच्या मदतीचेही असेच आहे. अतिवृष्टीची मोजणी महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकावरून होते. चोवीस तासांत ६५ मिलिमीटर ही तिची सीमा. पीक ३३ टक्के वा अधिक गेले असेल तर अनुदान मिळते, आणि ते सातबाऱ्यावरील नावाला मिळते. बटाईने शेत कसणाऱ्याचे नाव तेथे नसते. सासऱ्याच्या नावची जमीन कसणाऱ्या विधवेचे नाव पुष्कळदा नसते. ज्या शेतमजुराचा संपूर्ण हंगामाचा रोजगार वाहून गेला, त्याच्या नुकसानीसाठी तर पंचनाम्यात रकानाच नाही. वीज पडून मृत्यू झाल्यास वारसांना चार लाख रुपये मिळण्याची तरतूद आहे. परंतु त्यासाठी लागणारे कागद वेळेत जमविण्यास लिहिता-वाचता येणारा कोणीतरी जवळ असावा लागतो. खेड्यात हा कोणीतरी बहुधा शिक्षकच असतो.

शिक्षकाच्या टेबलावरील हजेरीपट हा आपत्तीचा फार प्रामाणिक दस्तऐवज आहे. पर्जन्यमापकाच्या आधी नव्हे, पण शासकीय अहवालाच्या पुष्कळ आधी तो बोलू लागतो. पाणी दूर गेले की प्रथम मोठ्या मुली गैरहजर राहू लागतात. खरीप बुडाले की दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्यांबरोबर जाणाऱ्या मुलांची संख्या वाढते, आणि त्यांतील काही नावे पुढच्या जूनमध्ये परत येत नाहीत. अशा मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची सोय आहे. आजी-आजोबांजवळ मूल ठेवून जाण्यास पालकांचे मन वळविणे हे काम मात्र परिपत्रकाने होत नाही, ते ओट्यावर बसून करावे लागते. दुष्काळग्रस्त भागात उन्हाळ्याच्या सुटीतही शालेय पोषण आहार चालू ठेवावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली दिला होता. सुटीत शाळेचे दार उघडे राहिले की नाही, ह्यावर काही घरांतील एका वेळच्या जेवणाचा प्रश्न अवलंबून असतो.

परिसर अभ्यासाच्या तासाला गावाचा नकाशा काढण्याचा पाठ सर्वत्र होतो. त्यात देऊळ, पार, पंचायत, शाळा येतात. ह्याच नकाशात मुलांकडून आणखी चार गोष्टी भरून घ्याव्यात: नाल्याचे पाणी आजवर कोठपर्यंत चढले, मे महिन्यापर्यंत कोणत्या विहिरीला पाणी टिकते, उंच व पक्की जागा कोठे आहे, आणि एकटी राहणारी वृद्ध किंवा अपंग माणसे कोणत्या गल्लीत आहेत. पाण्याची जुनी खूण आजोबांना विचारून यावी. एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे. कोणाचे घर कच्चे, कोण कोणाकडे मजुरीला जाते, हे वर्गात मुलांच्या तोंडून वदवून घेऊ नये. नाल्याकाठच्या मुलास आपले घर नकाशावर लाल खडूने रंगविलेले पाहून जे वाटेल, त्याची भरपाई कोणत्याही ज्ञानाने होत नाही. धोका जागेचा दाखवावा, कुटुंबाचा नव्हे. तसा पुरा झालेला नकाशा वर्गाच्या भिंतीवर टांगून न ठेवता पावसाळ्यापूर्वीच्या ग्रामसभेत न्यावा. नाल्याकाठच्या घरांना दुसरी जागा देण्याचा अधिकार मुलांना नसला तरी तेथे बसलेल्यांपैकी काहींच्या हाती तो विषय असतो.

त्याच सभेत आणखी एक लहान ठराव करून घेण्यासारखा आहे. पुष्कळ शाळांची घंटा लगतच्या शेतांत ऐकू जाते. दामिनीची सूचना आली किंवा डोंगराकडून गडगडाट सुरू झाला, की ती ठरलेल्या पद्धतीने, सलग बराच वेळ वाजवावी. मुलांना वर्गात थांबवून घ्यावे आणि शेतातील माणसांनी झाडाखाली न थांबता पक्क्या घराकडे निघावे. ह्यास खर्च काहीच नाही. प्रश्न फक्त एवढाच उरतो, की घंटा ऐकून तीन वाजता परत फिरलेल्या बाईची त्या दिवसाची मजुरी कापावयाची किंवा नाही. आणि तो शेतमालकांना समोर बसवून, आभाळ भरून येण्यापूर्वीच सोडवून घेतलेला बरा.